डाव्या बॅगेचं वजन

सकाळी सव्वासहाला मला जाग आली तेव्हा पद्माकर मगदूम तंबूत नव्हता. त्याची सायकलही माडाला टेकलेली नव्हती.

मला आधी त्यात काही वाटलं नाही. कर्नाटकात मरवंते गावापाशी हमरस्त्याच्या एका हाताला समुद्र आहे आणि दुसऱ्या हाताला नदी, मध्ये फक्त रस्त्यापुरती जमीन. अशा ठिकाणी माणूस उठल्या उठल्या चक्कर मारून येतो. मग तंबूच्या तोंडाशी मांडून ठेवलेल्या वस्तू दिसल्या. पाना, चहाचं पातेलं आणि पंक्चरच्या सामानाची डबी, एका पंच्यावर ओळीनं. डबी उघडून पाहिली. ठिगळं निम्मी होती. सोल्युशनच्या दोन नळ्यांतली एक होती.

तंबूच्या काठ्या त्याच्या वाटणीच्या होत्या. त्या माझ्या डोक्यावर उभ्याच होत्या.

चिठ्ठी वगैरे काही नव्हतं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. डिसेंबर संपत आला होता. आम्ही सांगलीहून कन्याकुमारीला निघालेले दोन निवृत्त गृहस्थ. पद्माकर एसटीत वाहतूक नियंत्रक होता. आयुष्यभर फलाटावर उभं राहून त्यानं पणजी, हुबळी, कारवारच्या गाड्या सोडल्या, आणि स्वतः कधी बेळगावच्या पुढं गेला नव्हता. मी सांगलीतल्या एका दैनिकात बातम्या कापून जागेत बसवायचं काम करायचो. त्यामुळं सामान कमी करण्याच्या बाबतीत आमचं जमेल असं दोघांनाही वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यानं मला कुठल्या कुठं मागं टाकलं.

निघण्याआधीचा पंधरवडा त्याच्या विश्रामबागेतल्या घरी दोन बांधाबांधी एकदम चालल्या होत्या. घर विकलं होतं. संक्रांत झाली की सामानाचा ट्रक येणार होता आणि नवरा-बायको पुण्याला मुलाकडे, अभिनंदनकडे, कायमचे राहायला जाणार होते. सून बाळंत व्हायची होती. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. पद्माकर जायला कबूल झाला होता, पण एका अटीवर, आधी ही सायकलची सफर. पुढच्या खोलीत राजमतीवहिनी पितळेची भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या आणि मागच्या पडवीत हा दाराच्या कडीला ताणकाटा टांगून टूथब्रश वजन करत होता.

त्यानं टूथब्रशचा दांडा कापला. झोपायची चटई गुडघ्यापर्यंतच ठेवली, पायांना अंथरूण लागत नाही म्हणाला. टॉवेलचे दोन तुकडे करून एक मला दिला. माझ्या दाढीच्या आरशाला त्यानं सरळ नकार दिला.

"तिथं तुला कोण बघायला येणार आहे?"

"मला मी बघणार आहे."

"सायकलच्या घंटीत बघ. तेवढंच तोंड पुरे."

त्याच्या सामानाचा ढीग दिवसागणिक खाली बसत चालला. एकदा वहिनी चहा घेऊन आल्या आणि ढिगाकडं बघून म्हणाल्या, "अहो, अजून दोन वस्तू काढा. मग पिंछी-कमंडलू घेऊन पायीच निघता येईल, सायकलीचं ओझं तरी कशाला?" घरात जैन मुनींचं, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढंच बाळगणाऱ्यांचं, येणं-जाणं होतं. पद्माकर हसला नाही. त्यानं चहाची बशी परत दिली आणि कपातूनच प्यायला लागला.

दोघांत लागणाऱ्या वस्तू एकेकच घ्यायच्या आणि वाटून न्यायच्या, हे त्याचं तत्त्व होतं. वाटणी मात्र वहिनींनी केली. तंबूचं कापड माझ्याकडं, काठ्या त्याच्याकडं. पंप माझ्याकडं, पंक्चरचं सामान त्याच्याकडं. छोटा गॅस माझ्याकडं, पातेलं आणि पाना त्याच्याकडं. पद्माकरनं दोन्ही बाजू काट्याला लावून पाहिल्या. वजन जवळजवळ सारखं भरलं. तो खूश झाला. बायकोला हिशेब जमतो हे आपल्याला आधी कळलं नाही, असं त्यानं माझ्यासमोर कबूल केलं.

या वाटणीमागं दुसरंही काही होतं ते मला त्याच संध्याकाळी समजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी घरी जायला निघालो तर वहिनी फाटकापर्यंत आल्या.

"भावजी, आता एकाला सोडून दुसऱ्याला जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "काठ्या ह्यांच्याकडं, कापड तुमच्याकडं. ह्यांना परत आणायचं तुमच्यावर आहे."

मी म्हटलं, परत न यायला काय झालं त्याला.

"तुम्ही ह्यांना सामान काढताना बघितलंय. घरातलं कुठलं तरी एक ठेवलंय का त्यात? फोटो नाही, माझ्या हातची चटणी नाही. संक्रांतीनंतर ट्रक येणार आहे. मी एकटी त्या ट्रकच्या मागं जाणार नाही, सांगून ठेवते."

मी आणतो म्हणालो. तेवढं ऐकून त्या आत गेल्या.

प्रवास सुरू झाला आणि आंबोलीचा घाट उतरेपर्यंतच पद्माकरची तक्रार सुरू झाली. सायकल डावीकडं ओढते. त्यानं मागच्या चाकाचे आरे कसले. सावंतवाडीला सायकलवाल्याकडून चाक सरळ करून घेतलं. तो म्हणाला, चाकात काही नाही, काका, डाव्या बॅगेत वजन जास्त असेल. पद्माकरनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो बिचारा लगेच दुसऱ्या सायकलीकडं वळला.

"बॅगा मी स्वतः वजन केल्यात," गोव्याच्या हद्दीपर्यंत तो मला ऐकवत होता. "दोन्ही सारख्या. हा मला सांगतोय."

"मग पुन्हा बघ की उघडून."

"बघण्यासारखं काय आहे? मी वजन केलंय."

कारवारला त्यानं कॅरियर हलवून पाहिला. गोकर्णाला सीट एक बोट उजवीकडं फिरवली आणि दिवसभर तिरका बसला. होन्नावरच्या पुलावर त्यानं वाऱ्याला दोष दिला. माझ्या मते वय झालं होतं, आणि तसं मी दोनचार वेळा बोललोही. एकूण तो मजेत होता. त्याला कानडी घरचीच होती, कारण आई निपाणीकडची. टपरीवर, मासे वाळवणाऱ्या बायकांशी, ट्रकवाल्यांशी तो तासन्‌तास बोलायचा आणि मी शेजारी मान हलवत उभा. जेवण मात्र सूर्य मावळायच्या आत. त्यामुळं आमचा मुक्काम रोज लवकर पडायचा आणि उजेडातच तंबू उभा राहायचा. पुण्याचा विषय त्यानं वाटेत एकदाच काढला. अकराव्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही ना, असं विचारलं. पुण्यात कुठल्याच मजल्यावरून दिसत नाही, मी म्हटलं.

मरवंतेला एका माडाच्या बागेत मालकानं तंबू लावू दिला. तिथं पोचलो तेव्हा ऊन कलायचं होतं. बॅगांमध्ये वाळू गेली होती. पद्माकर पाणी आणायला गेला म्हणून मी त्याच्या दोन्ही बॅगा रिकाम्या करून उलट्या केल्या आणि झटकायला घेतल्या. उजवी सहज झटकली गेली. डावी हाताला जड लागली. सामान तर सगळं खाली पडलं होतं.

बॅगेच्या तळाला आणखी एक तळ होता. त्याच रंगाचं कापड, बारीक शिवण. आत काहीतरी सपाट आणि टणक होतं.

तो पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हा मी बॅग तशीच त्याच्या हातात दिली. त्यानं बोटं फिरवली, मग कापलेल्या दांड्याच्या टूथब्रशचं टोक शिवणीत घालून ती उसवली. एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या वस्तू निघाल्या. हातात मावेल असा पंप. अगदी पातळ ताडपत्री, घडी घालून दाबलेली, आणि नायलॉनची दोरी. एका माणसाचा चहा होईल एवढा स्पिरिटचा स्टोव्ह. एक छोटा पाना.

"हे तू घातलंस?" त्यानं विचारलं.

"मी कशाला घालू? पंप माझ्याकडं आहे की."

म्हणालो आणि थबकलो. पंप माझ्याकडं होता. कापड माझ्याकडं होतं. गॅस माझ्याकडं होता. जे जे माझ्याकडं होतं, त्याच्या बदली वस्तू त्या तळात होत्या. पाना तेवढा जास्तीचा होता.

पद्माकर शिवण बघत होता. "ही राजमतीची टीप आहे. शेवटी तीन टाके उलटे घालते."

"काळजीनं घातलं असेल. मी मागंपुढं झालो तर तुझी अडचण व्हायला नको म्हणून."

"काळजीनं घातलं असतं तर सांगितलं असतं. बत्तीस वर्षांत तिनं काळजी कधी लपवून केलेली नाही. गल्लीला ऐकू जाते."

तो खाली बसला. आता सांगून टाकणं बरं, असं मला वाटलं. वहिनींनी फाटकाशी काय बजावलं ते मी त्याला शब्दशः सांगितलं. वाटणी तशी का केली तेही सांगितलं. तो राजी होईल, निदान हसेल, अशी माझी समजूत होती.

"हे तुला कधी म्हणाली?"

"निघायच्या आदल्या संध्याकाळी."

"मी दुपारी वजन केलं. तेव्हा बॅग बरोबर होती. रात्री मी दोन्ही सायकलला अडकवल्या." तो हिशेब करत होता. "म्हणजे तुला सांगून आत आली आणि शिवायला बसली."

"माणसाच्या मनात दोन गोष्टी येतात, पद्मा."

"डेपोत जादा गाडी काढायची असली की आधी डिझेल भरून गाडी फलाटाला लावतात," तो म्हणाला. "घोषणा नंतर. कधीकधी होतच नाही. ड्रायव्हरनं समजायचं असतं."

"तू भलतंसलतं समजू नकोस. घरी फोन कर, विचार."

"काय विचारू? मी येऊ का, असं?"

त्यानं फोन केला नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही भात आणि मुगाचं वरण खाल्लं. नंतर त्यानं त्या वस्तू पुन्हा साडीच्या तुकड्यात बांधल्या, आणि माझ्या लक्षात आलं, त्यानं त्या हातावर तोलून पाहिल्या नाहीत. इतक्या दिवसांत वजन न बघता उचललेली ही पहिलीच गोष्ट. झोपताना त्यानं मला विचारलं की एकट्यानं तंबू लावायला जमतं का. जमेल, मी म्हटलं. काठ्या कशा घालायच्या ते त्यानं तरीही मला एकदा सांगितलं.

सकाळी तो नव्हता.

मी आवरून कुंदापूरच्या दिशेनं निघालो. पहिल्याच टपरीवर चहावालीला खाणाखुणा करून विचारलं. पांढऱ्या मिशा, हिरवी सायकल. तिला आठवत होता. तो तिच्याशी बराच वेळ बोलत बसला होता, हे तिच्या हसण्यावरून कळलं. कुठं गेला, विचारल्यावर तिनं दक्षिणेकडं नाही, पूर्वेकडं हात केला. समुद्र सोडून, घाटाकडं. त्या रस्त्यानं मी उन्हं चढेपर्यंत गेलो. दोन फाटे लागले. दोन्हींकडं चाकांच्या खुणा होत्या आणि सायकली त्या भागात घरोघर असतात.

त्याचा मोबाइल बंद होता. तिसऱ्या दिवशी त्यानं अभिनंदनला कुणाच्या तरी फोनवरून कळवलं. मी बरा आहे, कुणी शोधू नका, पोलिसांत जाऊ नका, ट्रक ठरल्या दिवशी बोलवा. आईला फोन करता का, असं अभिनंदननं विचारलं. नको, म्हणाला, तिला माहीत आहे.

कुंदापूरला मी सायकल रेल्वेच्या पार्सलात टाकली आणि मडगावला गाडी बदलून मिरजेला उतरलो. तिथून सरळ विश्रामबाग. राजमतीवहिनी खोक्यांना दोरी आवळत होत्या. घरात बसायला खुर्ची उरली नव्हती. त्यांनी मला बांधलेल्या गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"कुठं सुटले?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, तळ उसवला तिथपासून. त्या दोरीची गाठ मारत ऐकत होत्या.

"वहिनी, मला तुम्ही त्याला परत आणा म्हणालात. ते खोटं होतं का?"

"खोटं कशाला असेल? तुम्ही आणलं असतंत तर मला आनंदच झाला असता."

"मग ते शिवलंत का?"

त्यांनी दोरी सोडली. "तुम्हाला सांगून आत आले, तर अभिनंदननं पाठवलेला फ्लॅटचा नकाशा घेऊन हे बसले होते. पेन्सिलीनं एक चौकोन काढला होता, गॅलरीत. काय हो हे, विचारलं. म्हणाले, माझी खुर्ची. तुझं तू बघ, माझं एवढंच. भावजी, माझे वडील चिकोडीला चार वर्षं असेच खुर्चीत बसून होते. आजार काही नव्हता. मी ताट नेऊन द्यायची, ताट परत आणायची. मला ते पुन्हा करायचं नव्हतं."

"म्हणजे तुम्हालाच तो तिथं नको होता."

"खुर्चीत नको होते." त्या थोड्या चिडल्या. "आणि मला जायचंय, हे कुणी विचारतच नाही. मला मनापासून पुण्याला जायचंय. बाळ यायचंय. इथं मला काय आहे आता? वस्तू आणून ठेवल्या होत्या, पण त्यांच्यासाठी थांबायचं, की माझ्यासाठी त्यांना ओढत न्यायचं, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. म्हणून तुम्हालाही सांगितलं आणि बॅगेतही घातलं."

"आणि आम्ही तळ उसवलाच नसता तर?"

"तर ते वजन ओढत परत आले असते." त्यांनी पुन्हा दोरी हातात घेतली. "पुढचं टोक धरा जरा. हे एकटीला होत नाही."

मी टोक धरलं. ट्रक ठरल्या दिवशी आला. वहिनी त्याच्या मागं नाही, पुढं, ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या. खोकी पोचेपर्यंत कुणाचा भरवसा नाही, म्हणाल्या.

नातू झाला. त्याचं नाव पार्श्व. पद्माकर दर वर्षी अभिनंदनच्या वाढदिवसाला फोन करायचा, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. प्रकृती बरी आहे, एवढंच सांगायचा, आणि नातवाची उंची विचारायचा. वहिनींबद्दल विचारायचा नाही. त्याही फोनजवळ यायच्या नाहीत, स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा अभिनंदननं आलेल्या नंबरावरून जागा काढली. शिमोग्याजवळचं एक सुपारीचं आगर निघालं. अभिनंदन तिथं गेला तेव्हा मालकानं सांगितलं, आजोबा होते, हिशेब बघायचे, पावसाळ्याआधी गेले. मला मात्र त्यानं कधी फोन केला नाही. माझी सायकल अजून आहे. तंबू मी कुणाला तरी देऊन टाकला.

गेल्या महिन्यात अभिनंदनचा मला फोन आला. आई घरात नव्हती. पार्श्वला शाळेच्या बसमध्ये बसवून ती परत वर आलीच नाही. मोबाइल टेबलावर होता. कपाट उघडलं तर काय नेलं तेच कळेना, सगळं जागच्या जागी दिसत होतं. चिकोडीला मावशीकडं विचारलं, तिथं नव्हती. काका, तुम्हाला काही बोलली होती का? मी नाही म्हणालो. खरंच बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. "पोचले. औषधं जवळ आहेत. पार्श्वला गणितं रोज करायला लाव." त्यानं लगेच त्या नंबरला फोन लावला. शिमोग्याकडच्या तीर्थहळ्ळीच्या बसस्टँडवरच्या एका दुकानदाराचा होता तो. अभिनंदनला कानडी जेमतेम येतं, म्हणून त्यानं ऑफिसातल्या एका धारवाडच्या मुलीला बोलायला लावलं. दुकानदार म्हणाला, हो, एक अज्जी आल्या होत्या, चांगलं कानडी बोलत होत्या. दोन ओळी पाठवायला फोन मागितला, दिला. एकट्याच होत्या. मग त्यांनी विचारलं की कांदा-बटाटा नसलेलं जेवण इथं कुठं बांधून मिळेल, दोघांपुरतं, आणि दिवस मावळायच्या आत कुठवर पोचता येईल. त्यानं समोरची खाणावळ दाखवली.

पुडकं घेऊन त्या बाकावर बसल्या. तेवढ्यात तीन गाड्या लागल्या, गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं पाहिलं तर बाक रिकामा होता. त्या कुठल्या गाडीत चढल्या, हे त्यानं पाहिलेलं नाही.